डॉ. विक्रम साराभाई

मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर भर हंगामात होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसल्या, की वादळाची सूचना आली हे आम्ही ओळखतो. आज वादळाची चाहूल आपणांस उपग्रहांमुळे फार आधी लागते. आपल्या देशात ह्या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्या डॉ. विक्रम साराभाई यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी झाला. सुखासीन आयुष्य त्यांना सहज घालवता आले असते. परंतु त्यांनी विज्ञानाची वाट धरली. केंब्रिजला शिकत असता महायुद्ध पेटले, म्हणून ते स्वदेशी परतले आणि बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट संपादून त्यांनी १९४७ सालीच अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी आपला गोवा मुक्त झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी भारत सरकारने अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंबा ह्या कोळ्यांच्या खेड्याजवळून जाते, म्हणून ती जागा निवडण्यात आली. तेथे एक चर्च होते. बिशपांनी व गावकऱ्यांनी आपले प्रार्थनामंदिर विज्ञानाच्या कार्यास दिले आणि कोळ्यांनी आपली घरे सोडली. हा त्याग आपण विसरता कामा नये. त्या चर्चमध्येच शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले. अग्निबाणाचे भाग सायकलवरून वाहून नेले जात! २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेचा होता. परंतु १९६७ साली भारतात तयार झालेला छोटा रोहिणी अग्निबाणही उडाला.

त्या काळात देशात दुष्काळ होता, धान्य परदेशांतून येत होते. गरीब देशाला हा खर्च परवडेल काय, अशी शंका अनेकांस येई आणि ती गैर नव्हती. साराभाईंचे उत्तर स्पष्ट होते. धनवान राष्ट्रांशी चंद्रावर जाण्याची स्पर्धा आपणांस करावयाची नाही. शिक्षण, शेती, हवामान व दळणवळण ह्यांसाठी हे ज्ञान हवे, असे ते मानीत. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था स्थापन झाली.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याजवळच कोवळम येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२ वर्षांचे. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला पहिला उपग्रह आर्यभट रशियन अग्निबाणाने अंतराळात गेला. वीजपुरवठा बिघडल्याने त्यावरील प्रयोग काही दिवसांतच थांबले. तथापि उपग्रह बांधण्याची विद्या आपल्या हाती आली. त्याच वर्षी अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचली; त्या योजनेचा करारही त्यांच्याच हयातीत झाला होता. १८ जुलै १९८० रोजी ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह भारतीय अग्निबाणाने कक्षेत नेला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या यानास त्यांचेच विक्रम हे नाव होते.

विद्यार्थी मित्रहो, डिचोलीच्या कुळागरात आजोबा माड लावतात आणि नारळ नातवंडे खातात. साराभाईंनी लावलेल्या झाडाची फळे आज आम्ही खात आहोत. आम्ही कोणते झाड लावणार, ह्याचा विचार पेडणे-डिचोलीच्या मुलांनी आजच करावयास हवा.