डॉ. कॉख आणि गाईचे दूध

नागभीडकडच्या खेड्यांत घर आणि गोठा यांमध्ये अनेकदा एकच भिंत असते. म्हणून मानेला गाठी आलेले मूल तपासताना मी आईला विचारतो, दूध उकळूनच देता ना? या प्रश्नामागे एका थोर संशोधकाच्या चुकीचा इतिहास आहे.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म १८४३ मध्ये जर्मनीत झाला. वोल्स्टाइन या छोट्या गावी ते सरकारी डॉक्टर होते. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात, घरातच प्रयोग करून त्यांनी १८७६ मध्ये जनावरांच्या काळपुळी रोगाच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे त्यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले. प्लेगच्या अभ्यासासाठी १८९७ मध्ये ते मुंबईलाही आले होते.

पुढे त्यांनी माणसातील क्षयाचे जंतू वासरांना दिले. वासरे आजारी पडली नाहीत. त्यावरून १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की गाईच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. चूक इथेच झाली. माणसाचा जंतू गाईत सहसा तग धरत नाही, हे खरे. पण गाईचा जंतू माणसात तग धरतो.

हे दोन्ही जंतू सख्ख्या भावांसारखे. दोघांवरही मेणासारखे जाड आवरण असते. शरीरातल्या रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. जंतू त्या पेशीतच वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. गाईच्या कासेत रोग पोहोचला, की जंतू दुधात उतरतात. कच्च्या दुधातून ते मुलांच्या मानेच्या आणि पोटातल्या गाठींत जातात.

कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल मिळाले, १९१० मध्ये ते वारले. त्यांचा दावा तपासण्यासाठी ब्रिटनने नेमलेल्या आयोगाचा अंतिम अहवाल १९११ मध्ये आला. गाईचा क्षय माणसाला, विशेषतः मुलांना होतो, हे त्यात सिद्ध झाले होते. गंमत म्हणजे, आपल्या बाळांना टोचतात ती बीसीजी लस गाईच्याच जंतूला दुबळे करून तयार झाली. १९२१ मध्ये ती प्रथम वापरली गेली.

आजही आपल्या नेहमीच्या तपासणीत क्षय आहे एवढेच कळते. जंतू माणसाचा की गाईचा, हे कळत नाही. शिवाय पायराझिनामाइड हे क्षयाचे नेहमीचे औषध गाईच्या जंतूवर चालत नाही. म्हणून घरात कुणाला क्षय असेल आणि गोठ्यातले जनावर खोकत, खंगत असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा, जनावर पशुवैद्यकांना दाखवा. आणि दूध घरच्या गाईचे असले, तरी उकळूनच प्या.