विश्लेषण : अंगावर भिंत कोसळतानाही न डगमगलेला बस्टर कीटन स्टुडिओपुढे का हरला?

चक्रीवादळाने गाव उद्ध्वस्त होत असताना एक बुटका, किडकिडीत तरुण रस्त्यावर भांबावून उभा आहे. त्याच्या मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावर येते आणि तो त्या चौकटीत सहीसलामत उभा राहतो. मूकपटांच्या इतिहासात सर्वाधिक गाजलेल्या दृश्यांपैकी हे एक. ते आहे ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ या १९२८ मधील अमेरिकी विनोदपटात. नदीवरच्या आगबोटींचे जग दाखवणारा हा चित्रपट आज अभिजात मानला जातो. मात्र प्रदर्शित झाला तेव्हा तो चालला नाही आणि बस्टर कीटनचा स्वतंत्रपणे केलेला अखेरचा चित्रपट ठरला. बोलपट आले आणि कीटन संपला, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याची घसरण बोलपटांच्या आधीच, एका करारापासून सुरू झाली होती.

बस्टर कीटन कोण होता?

जोसेफ फ्रँक कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पिक्वा या लहानशा गावी झाला. आई मायरा आणि वडील जो हे फिरत्या खेळांत काम करणारे कलावंत. खेळाच्या दौऱ्यावर असतानाच मुलगा जन्मला. ‘बस्टर’ हे नाव प्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनीने ठेवले, अशी आख्यायिका आहे. बस्टर लहान वयातच आईवडिलांबरोबर रंगमंचावर आला आणि ‘द थ्री कीटन्स’ हा खेळ गाजू लागला. खेळाचे स्वरूप साधे होते. खोडकर मुलगा बापाला छळतो आणि बाप त्याला उचलून फेकतो. फेकणे सोपे जावे म्हणून मुलाच्या कपड्यांना चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. न्यूयॉर्कमधील बालसंरक्षण संस्थेने या खेळावर वारंवार आक्षेप घेतले. त्या पडापडीतून मुलगा दोन गोष्टी शिकला. एक, इजा न होता कसे पडायचे. दुसरी, पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात. पुढे जगभर ओळखला गेलेला त्याचा निर्विकार चेहरा इथे घडला.

चित्रपटांत तो कसा आला?

वडिलांचे दारूचे व्यसन वाढत गेले आणि १९१७ मध्ये कुटुंबाचा खेळ मोडला. बस्टर न्यूयॉर्कला आला. तिथे त्याची गाठ लोकप्रिय विनोदी नट रॉस्को आर्बकलशी पडली आणि ‘द बुचर बॉय’ या लघुपटात त्याला काम मिळाले. अभिनयाइतकेच त्याला कॅमेऱ्याचे कुतूहल होते. हे यंत्र आतून कसे चालते, हे त्याने समजून घेतले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लष्करी सेवा करून तो परतला आणि १९२० मध्ये निर्माता जोसेफ शेंक याच्या पाठबळावर त्याची स्वतःची चित्रपटनिर्मिती सुरू झाली. पुढच्या आठ वर्षांत ‘वन वीक’सारखे लघुपट आणि ‘अवर हॉस्पिटॅलिटी’, ‘शेरलॉक ज्युनिअर’, ‘द नॅव्हिगेटर’, ‘द जनरल’ असे मोठे चित्रपट आले. लिहून काढलेली पटकथा त्याच्याकडे सहसा नसे. सुरुवात आणि शेवट ठरला की मधला भाग विनोद रचणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर चित्रीकरणाच्या ओघात सापडत जाई. काही सुचेनासे झाले की सगळे बेसबॉल खेळायला जात. जोखमीच्या कसरती तो स्वतः करी. ‘शेरलॉक ज्युनिअर’च्या वेळी पाण्याच्या लोंढ्याने तो रुळांवर आपटला. तेव्हा मानेचे हाड मोडले होते, हे त्याला बऱ्याच वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले.

‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ची गोष्ट काय?

रेल्वेचे जाळे पसरण्याआधी मिसिसिपीवरून माल आणि माणसे वाहून नेणाऱ्या चाकाच्या आगबोटींना मोठी भरभराट होती. चित्रपटातल्या गावात मात्र आता एका वेळी दोन बोटींना पुरेल इतका धंदा उरलेला नाही. ‘स्टोनवॉल जॅक्सन’ या खिळखिळ्या बोटीचा मालक म्हणजे बिल कॅनफिल्ड, अर्नेस्ट टॉरेन्सने रंगवलेला धिप्पाड, रांगडा खलाशी. त्याच्यासमोर गावचा धनिक किंग आपली नवी, झगमगीत बोट आणतो. बँक, हॉटेल सगळे किंगचे. अशा वेळी बिलचा मुलगा बॉस्टनहून शिकून परततो. धट्टाकट्टा वारस येईल म्हणून बाप स्टेशनवर वाट पाहतो. उतरतो तो डोक्यावर बेरे टोपी, ओठांवर चिमुकली मिशी आणि हाती युकुलेले वाद्य घेतलेला नाजूक पोरगा. त्यात तो किंगच्या मुलीच्या प्रेमात पडतो.

विनोद बोटीच्या कामातूनच फुलतो. दोरखंडात अडखळणारा, नको तो दांडा दाबणारा हा मुलगा बापाच्या डोळ्यांत सलत राहतो. पुढे बाप तुरुंगात जातो. मुलगा हत्यारे लपवलेला भलामोठा पाव घेऊन भर पावसात त्याला सोडवायला येतो आणि बाप तो पाव घ्यायलाच तयार होत नाही. शेवटच्या वादळात चित्र पालटते. मुलगा बोटीच्या यंत्रांना दोऱ्या बांधतो, वरच्या सुकाणूघरातून त्या ओढत एकटाच बोट चालवतो आणि प्रेयसी, बाप, इतकेच काय पण किंग यालाही पाण्यातून वाचवतो. ज्या बोटीवर तो निरुपयोगी ठरला होता, तिचे यंत्र आता त्याला सर्वांत चांगले कळलेले असते.

पुराऐवजी चक्रीवादळ का आले?

मूळ योजनेत शेवटी नदीला महापूर यायचा होता. पण १९२७ मध्ये मिसिसिपीला खरोखरच अमेरिकेच्या इतिहासातील एक भीषण पूर आला. लाखो लोक बेघर झाले. अशा वेळी पुरावर विनोद करणे प्रेक्षकांना रुचणार नाही, असे निर्मितीच्या व्यवस्थापकाने सुचवले आणि पुराच्या जागी चक्रीवादळ आले. चित्रीकरण मिसिसिपीवर झालेच नाही. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीच्या काठावर गावाचे नेपथ्य उभारले होते. वादळासाठी विमानांच्या इंजिनांचे मोठमोठे पंखे लावले गेले. त्या वाऱ्यात पुढे झुकून चालणारा, उडून जाणारा कीटन ही कॅमेऱ्याची करामत नाही. तो वारा खरा होता.

भिंतीचे दृश्य कसे चित्रित झाले?

घराची दर्शनी बाजू वजनदार ठेवणे भाग होते. हलकी असती तर वाऱ्याने वाकली असती आणि नेम चुकला असता. तिचे वजन सुमारे दोन टन होते, असे सांगितले जाते. ती तळाशी बिजागऱ्यांवर बसवली होती. खिडकी जिथे येणार ती जागा मोजून खूण केली होती आणि कीटनच्या भोवती जेमतेम काही इंचांची मोकळीक होती. तो पाऊलभर जरी सरकला असता तरी जीव गेला असता. ते बघवेना म्हणून पथकातील काहींनी मान फिरवली, असे सांगतात. ही कल्पना त्याने ‘वन वीक’मध्ये लहान प्रमाणात वापरली होती. इथे तिचे वजन आणि धोका दोन्ही वाढले. कीटनचे चरित्रकार या धाडसाकडे आणखी एका कारणाने पाहतात. स्वतंत्र स्टुडिओ बंद होणार, ही बातमी त्याला याच चित्रीकरणाच्या काळात मिळाली होती.

स्टुडिओ हातून का गेला?

‘द जनरल’साठी कीटनने ओरेगॉन राज्यात खरे रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडले. खर्च अफाट झाला, उत्पन्न त्या मानाने आले नाही. त्यानंतरचे चित्रपटही शेंकला परवडेनात. मुळात ‘बस्टर कीटन प्रॉडक्शन्स’ या कंपनीच्या नावात कीटन असला तरी तिची मालकी त्याच्याकडे नव्हती. त्याला पगार आणि नफ्यात वाटा मिळे. चार्ली चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड या समकालीनांनी आपल्या चित्रपटांची मालकी स्वतःकडे ठेवली होती. कीटनने व्यवहाराकडे कधी लक्षच दिले नाही. शेंक हा त्याचा साडूही होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शेंकने त्याला एमजीएमकडे जाण्यास सांगितले, त्या कंपनीच्या मालकसंस्थेचा प्रमुख शेंकचाच भाऊ होता. चॅप्लिन आणि लॉइड यांचा सल्ला उलट होता. तरीही १९२८ च्या सुरुवातीला कीटनने सही केली.

एमजीएममध्ये नेमके काय बिघडले?

पगार उत्तम होता, आठवड्याला तीन हजार डॉलर. पण या कंपनीत पटकथा आधी लिहून मंजूर व्हावी लागे, प्रत्येक टप्प्यावर निर्मात्याची देखरेख असे आणि ऐन वेळी सुचलेल्या विनोदाला जागा नसे. पहिला चित्रपट ‘द कॅमेरामन’ त्याने बराचसा आपल्या पद्धतीने करून घेतला, म्हणून तो उत्तम झाला. हळूहळू तेवढाही वाव उरला नाही. बोलपटांत त्याच्या आवाजाची अडचण नव्हती. रंगमंचावर वाढलेल्या माणसाला बोलण्याचे भय कशाला असेल? यांतील काही चित्रपटांनी गल्लाही जमवला. पण त्यांतला कीटन इतरांच्या शाब्दिक कोट्यांत अडकलेला, केविलवाणा झाला होता. जिमी ड्युरँट या बडबड्या नटाबरोबर त्याची जोडी लावली गेली. दारू वाढली. १९३२ मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुले दुरावली आणि त्यांचे आडनावही बदलले गेले. १९३३ मध्ये एमजीएमने त्याला काढून टाकले. काही वर्षांनी तो त्याच कंपनीत आठवड्याला शंभर डॉलरवर इतरांसाठी विनोद सुचवण्याचे काम करत होता.

चित्रपट आणि मान परत कसे मिळाले?

१९४० मध्ये नर्तकी एलेनॉर नॉरिस हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि आयुष्याला स्थैर्य आले. ते लग्न अखेरपर्यंत टिकले. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजी याने ‘लाइफ’ नियतकालिकात मूकपटांतील विनोदावर गाजलेला लेख लिहिला आणि विसरलेल्या कीटनकडे पुन्हा लक्ष गेले. १९५२ मध्ये तो चॅप्लिनबरोबर ‘लाइमलाइट’मध्ये दिसला. दूरचित्रवाणीने नवा प्रेक्षक दिला. मात्र जुने चित्रपट नष्ट होण्याच्या बेतात होते, कारण तेव्हाची नायट्रेट फिल्म सडते आणि सहज पेट घेते. कीटनचा जुना बंगला पुढे अभिनेता जेम्स मेसनने घेतला होता. तिथे त्याच्या अनेक चित्रपटांच्या प्रती सापडल्या. वितरक रेमंड रोहाउअर याने कीटनच्या साथीने त्या टिकाऊ फिल्मवर उतरवून घेतल्या आणि जगभर दाखवल्या. १९६० मध्ये कीटनला मानद ऑस्कर मिळाले. १९६५ च्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी त्याचे जोरदार स्वागत केले. त्यानंतर काही महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९६६ रोजी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

आज या चित्रपटाचे महत्त्व काय?

प्रदर्शनाच्या वर्षीच वॉल्ट डिस्नेने ‘स्टीमबोट विली’ हा मिकी माऊसचा लघुपट आणला. त्याचे नाव कीटनच्या चित्रपटावरूनच बेतलेले होते. २०१६ मध्ये ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. चित्रपटातला बिल आपली जुनी बोट धनिक किंगच्या घशात जाऊ देत नाही. ती चालवणाऱ्या कीटनला स्वतःच्या स्टुडिओबाबत ते जमले नाही, कारण कागदोपत्री तो त्याचा कधीच नव्हता. पैसा कोणाचा, मालकी कोणाची आणि शेवटचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न आजच्या चित्रपटकर्त्यांपुढेही तेच आहेत. अमेरिकेत आता ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’वर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. कोणीही तो पाहू शकतो, दाखवू शकतो.