युरी गागारिन आणि १२५ हा आकडा



आपल्या हिंगोली जिल्ह्यात वाडी-तांड्यावरची पोरंसुद्धा आता मोबाईलवर रॉकेटचे गेम खेळतात. ऑटोपायलटचं बटण दाबलं की यान आपोआप वेग कमी करतं, पोरगं नुसतं बघत बसतं. जगातल्या पहिल्या अंतराळवीरालाही असंच बघत बसायचं काम दिलं होतं, फक्त तिथं त्याचा जीव पणाला होता. १२ एप्रिलच्या परिपाठात सांगता यावं म्हणून त्यांचं चरित्र देत आहे.

युरी गागारिन यांचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी रशियातील क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील सुतार. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांनी त्यांचं घर बळकावलं. सगळ्या कुटुंबाला दीड वर्षाहून जास्त काळ जमिनीत खोदलेल्या खोपटात काढावा लागला. पुढे युरी ओतकाम शिकले, साराटोव्हच्या तांत्रिक शाळेत गेले आणि तिथल्याच फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकले. उंची फक्त १५७ सेंटीमीटर.

१९६० साली अंतराळवीर म्हणून २० वैमानिक निवडले गेले. त्यातल्या सहा जणांची जानेवारी १९६१ मध्ये सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवर उभ्या केलेल्या नकली यानात परीक्षा झाली. गागारिन उत्तम ठरले.

पण खऱ्या व्होस्तोक यानात हे शिकलेलं वापरायचंच नव्हतं! वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून सगळं नियंत्रण यंत्राकडे. हाताने चालवायची सोय कुलूपबंद होती आणि कुलूप उघडायचा आकडा बंद पाकिटात. पाकीट फोडून आकडा वाचता आला तर माणूस शुद्धीवर आहे, असा हिशेब. गंमत म्हणजे १२५ हा आकडा उड्डाणाआधीच एकाहून जास्त जणांनी गागारिन यांच्या कानात सांगून ठेवला होता. नियम करणाऱ्यांनाच नियम पटला नसावा.

१२ एप्रिल १९६१. यानाचा वेग ताशी सुमारे २७,४०० किलोमीटर. या वेगाने हिंगोलीहून मुंबई साधारण एका मिनिटात येईल. परत यायचं तर हा वेग घटवायला हवा. किती? दोन टक्क्यांहूनही कमी. तेवढ्याने यान खाली झुकतं आणि बाकीचा वेग हवा खाते. त्यासाठी यान उलट दिशेला वळवून इंजिन सुमारे ४० सेकंद चालवायचं होतं. दिशा चुकली तर वेग घटण्याऐवजी वाढलाही असता. इंजिन चाललंच नाही तर यान हळूहळू आपोआप खाली येईल, म्हणून दहा दिवसांचं अन्न सोबत दिलं होतं. यान मात्र ठरल्यापेक्षा उंच गेलं होतं, तेवढे दिवस पुरले नसते.

यंत्राने वेग घटवला. पण नंतर यानाचा मागचा भाग नीट सुटला नाही आणि सगळं यान गरगर फिरू लागलं. सुमारे दहा मिनिटांनी तो भाग सुटला. तोवर गागारिन शांत राहिले. सात किलोमीटर उंचीवर ते यानाबाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने शेतात उतरले, तेही ज्या साराटोव्ह भागात उडायला शिकले तिथेच. १०८ मिनिटांचा प्रवास!

त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतात, आपल्या मुंबईतही येऊन गेले. जगभर सत्कार झाले, पण पुन्हा अंतराळात जायला मिळालं नाही. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ-१ यानात त्यांचे सहकारी कोमारोव्ह गेले. त्या उड्डाणाचे राखीव अंतराळवीर गागारिनच होते. इतका मोठा माणूस गमवायचा नाही म्हणून त्यांना जपून ठेवलं गेलं. त्यांना मात्र उडायचंच होतं. २७ मार्च १९६८ रोजी मिग-१५ विमानाच्या सरावात ते प्रशिक्षक सेर्योगिन यांच्यासह मृत्यू पावले. वय अवघं ३४.

मॉस्कोजवळच्या प्रशिक्षण केंद्राला त्यांचं नाव आहे. राकेश शर्मा तिथेच शिकले, आणि गगनयानासाठी निवडलेले चार भारतीय वैमानिकसुद्धा.