विद्यार्थ्याची शेवटची नोंदवही

दरवर्षी पेरू देशात ५ ऑक्टोबर हा वैद्यक दिन म्हणून पाळला जातो. हा दिवस एखाद्या थोर प्राध्यापकाच्या नावाचा नाही. त्या दिवशी एक वैद्यकीय विद्यार्थी वारला. त्याचे नाव दानियेल कारियन.

१८५७ साली सेरो दे पास्को या अँडीज पर्वतातील खाणीच्या गावी त्याचा जन्म झाला. शिकायला तो लिमाच्या सान फर्नांदो वैद्यकीय शाळेत आला. त्याच्या शिक्षणाच्या काळातच चिलीशी युद्ध झाले आणि लिमा शत्रूच्या ताब्यात गेले. तरीही तो शिकत राहिला.

त्या वेळी पेरूच्या डोंगरदऱ्यांत दोन आजारांची दहशत होती. एकात अंगावर लाल, रक्ताळणारे फोड येत. त्याला ‘वेरुगा’ म्हणत. रोगी बहुधा बरा होई. दुसरा ‘ओरोया ताप’. १८७०च्या सुमारास लिमा ते ओरोया रेल्वे बांधताना या तापाने हजारो मजूर दगावले. हे दोन आजार एकच की वेगळे, यावर डॉक्टरांत एकमत नव्हते. कारियन वेरुगाच्या रुग्णांच्या नोंदी गोळा करत होता. त्याला विशेष उत्सुकता होती ती फोड येण्याआधीच्या लक्षणांची, आणि ती रुग्णाला विचारून नीट कळत नव्हती.

शिक्षकांनी आणि मित्रांनी परावृत्त करूनही २७ ऑगस्ट १८८५ रोजी लिमाच्या दोस दे मायो रुग्णालयात त्याने एका मुलाच्या फोडातील रक्त स्वतःच्या दोन्ही दंडांत टोचून घेतले. शेवटी एका डॉक्टरने मदत केली. कारियन तेव्हा २८ वर्षांचा, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता.

तीन आठवडे काहीच झाले नाही. मग १७ सप्टेंबरला अस्वस्थ वाटू लागले. पुढे थंडी, ताप, सांधेदुखी आली आणि रक्त झपाट्याने कमी होऊ लागले. २६ सप्टेंबरपर्यंत तो स्वतः नोंदी लिहीत होता. हात चालेना तेव्हा वही वर्गमित्रांनी हाती घेतली. फोड न येता ओरोया तापाचीच लक्षणे दिसत होती. दोन्ही आजारांचे मूळ एकच, हे त्याला अंथरुणावरच उमगले. त्याला रक्त देण्याचा विचार झाला, पण ते झाले नाही. ५ ऑक्टोबरला त्याने प्राण सोडला.

यानंतरही वाद मिटला नाही. १९१३मध्ये अमेरिकेहून आलेल्या संशोधकांनी दोन्ही आजार वेगळेच ठरवले. १९२६मध्ये नोगुची यांच्या प्रयोगांनी कारियनचे म्हणणे खरे ठरले. या जंतूला आज ‘बार्टोनेला’ म्हणतात आणि तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. याच कुळातल्या माश्या आपल्याकडे काळा आजार आणि चांदीपुरा विषाणू पसरवतात.

माझ्या रुग्णालयात नव्या इंटर्नची तुकडी आली की मी ही गोष्ट सांगतो. पण टाळ्यांसाठी नाही. कारियनने एक प्रश्न सोडवला, आणि पेरूने एक चांगला डॉक्टर गमावला. त्या काळी असे प्रयोग रोखणारी नैतिक समिती नव्हती. आज ती आहे, आणि ती आपल्या उत्साहाला लगाम घालते हे चांगलेच आहे.

आमच्या वॉर्डात धाडसाचे दुसरेच रूप दिसते. रात्रपाळीत सुई टोचली, तरी वरिष्ठ ओरडतील या भीतीने मूल गप्प राहते. तसे करू नका. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. कारियनच्या वेळी यातले काहीच नव्हते. तुमच्याकडे आहे, ते वापरा.