भीतीचा हकीम : अबू झैद अल-बल्खी

ताप आला की माणूस हकिमाकडे जातो. मनात भीती घर करून बसली की ती लपवतो. अकराशे वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांना हा दुजाभाव मान्य नव्हता.

आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळच्या खेड्यात सन 850 च्या सुमारास ते जन्मले. वडील मुलांना शिकवीत. तरुणपणी इराकला जाऊन त्यांनी तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्याकडे धडे घेतले. पुढे भूगोलात मोठे नाव झाले. पण 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा शरीर आणि मन दोहोंच्या आरोग्याचा ग्रंथ त्याहून मोलाचा. राग, भीती, दुःख आणि वस्वसा, म्हणजे पाठ न सोडणारे विचार, यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्या दुःखाचे कारण सापडत नाही, त्याचा संबंध ते रक्तातील बिघाडाशी जोडत. अशा माणसाला दोष देणे आपोआपच गळून पडते. घरात औषध आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना धीराचे विचार साठवावेत, असा त्यांचा सल्ला. ज्या आवाजाने वा दृश्याने दचकायला होते, त्याची कानाडोळ्यांना पुन्हापुन्हा सवय करावी, हाही उपाय त्यांनी सांगितला.

बुखाऱ्याच्या अमिराने त्यांना बोलावले, तेव्हा जैहून नदीचे रुंद पात्र आणि लाटा पाहून ते काठावरूनच परतले, असे सांगतात. भीती त्यांना केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हती तर! सन 934 मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथाचे हस्तलिखित इस्तंबूलमध्ये टिकले. 1984 मध्ये फ्रँकफर्टहून त्याची प्रतिकृती छापली गेली.