हेन्री बेट्स आणि फुलपाखरांचे कोडे

कोपर स्टेशनच्या आसपास पडीक जागेत रुईची झुडपे उगवतात. उर्दूत रुईला आक म्हणतात. तिचे पान तोडले की पांढरा, विषारी चीक गळतो. गुरे सहसा या झुडपाला तोंड लावत नाहीत. तरी एक पट्टेरी अळी हीच पाने खुशाल खाते. तिचे पुढे नारिंगी फुलपाखरू होते. त्याचे नाव बिबळ्या कडवा.

आपल्याकडे छोटा चांदवा नावाचे आणखी एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी! तिने दुसऱ्याचा वेष का घेतला? अशा कोड्याचे उत्तर प्रथम हेन्री वॉल्टर बेट्स यांनी दिले. तेही कोपरपासून हजारो मैल दूर, दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात.

बेट्स यांचा जन्म १८२५ साली इंग्लंडमधील लेस्टर गावी झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली. ते मोजे तयार करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. दिवसभर काम, रात्री अभ्यास आणि सुटीच्या दिवशी कीटक गोळा करणे, असा त्यांचा क्रम होता. पुढे आल्फ्रेड वॉलेस या तरुणाशी त्यांची मैत्री झाली. १८४८ साली दोघे मित्र ॲमेझॉन नदीच्या प्रदेशात गेले. कीटकांचे नमुने इंग्लंडला पाठवायचे आणि ते विकून पोट भरायचे, असा बेत होता.

वॉलेस चार वर्षांनी परतले. बेट्स अकरा वर्षे राहिले. एकदा तर वर्षभर घरून पत्र आले नाही, पैसेही आले नाहीत. उरलेले पैसे चोरीला गेले. कपड्यांच्या चिंध्या झाल्या. पायांत जोडे नव्हते. तरी त्यांनी जाळे खाली ठेवले नाही. त्यांनी चौदा हजारांहून अधिक जातींचे प्राणी जमवले. त्यांत बहुतेक कीटकच होते आणि सुमारे आठ हजार जाती विज्ञानाला नवीन होत्या.

तेथे काही भडक रंगांची फुलपाखरे अगदी संथ उडत. पण पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. त्यांच्या थव्यांत दुसऱ्याच कुळातली फुलपाखरे बेट्स यांना सापडली. रंगरूप तेच! बेट्स विचार करू लागले. पहिली फुलपाखरे बेचव असावीत. त्यांच्यासारखी थोडीशी दिसणारीही पक्ष्यांच्या चोचीतून वाचत असतील. जी वाचतील त्यांचीच पिल्ले वाढतील. असे पिढ्यान् पिढ्या घडले, तर साम्य वाढतच जाईल. बेट्स १८५९ साली मायदेशी परतले. त्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६१ साली बेट्स यांनी लंडनमध्ये आपला निबंध मांडला, तेव्हा डार्विन यांना फार आनंद झाला. त्यांच्या मताला जिवंत पुरावा मिळाला होता.

१८९२ साली बेट्स यांचे निधन झाले. बेचव चव येते कोठून, हे मात्र १९६० नंतरच्या प्रयोगांत स्पष्ट झाले. अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरू बिबळ्या कडव्याचे जवळचे नातेवाईक आहे. त्याची अळीही रुईच्याच कुळातील चिकाळ झाडे खाते. त्या विषाने तिला अपाय होत नाही. उलट ते तिच्या अंगात साठते. असे मोनार्क खाताच पक्ष्याला उलटी झाली. नंतर तो त्याला चोच लावीना. कोबीवर वाढवलेले मोनार्क मात्र पक्ष्याला सहज पचले.

छोट्या चांदव्याची अळी तर घोळीवर वाढते. ही घोळ आपण भाजी म्हणून खातो!