न्यायमूर्ति रानडे यांचें धर्मसंकट

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपली दृष्टि बहुधा त्यांच्या विजयांवर खिळते. परंतु दोन कर्तव्यें समोरासमोर उभीं राहतात आणि एकाचें पालन केलें असतां दुसऱ्याचा भंग होतो, अशा वेळींच मनाची खरी परीक्षा होते. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या आयुष्यांत असा एक प्रसंग आला. त्यांत त्यांस यश लाभलें नाहीं. आणि म्हणूनच तो आमच्या विद्यार्थिबंधूंपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. त्यांचें बाळपण कोल्हापुरास गेलें. पुढें मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून मुंबई विश्वविद्यालयाच्या अगदीं पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली. त्या काळीं उच्चवर्णीय बालविधवांची स्थिति फार शोचनीय होती. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकारानें विधवाविवाहाची चळवळ सुरू झाली, तेव्हां रानडे तींत मनोभावें सामील झाले. अशा विवाहांस शास्त्राचा आधार आहे हें त्यांनीं लेख लिहून दाखविलें. त्यांची स्वतःची बहीण दुर्गा तरुणपणींच विधवा झाली होती. तेव्हां हा प्रश्न त्यांस केवळ पुस्तकी नव्हता.

१८७३ च्या ऑक्टोबरांत त्यांच्या पत्नी सखूबाई क्षयानें वारल्या. रानडे त्या वेळीं एकतीस वर्षांचे असून पुण्यास न्यायाधीश होते. आतां ते विधवेशींच विवाह करतील आणि बोललें तें करून दाखवितील, अशी मित्रमंडळीची अपेक्षा होती. नेमकी हीच धास्ती त्यांचे वडील गोविंदराव यांस पडली. त्यांनीं तातडीनें देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची अकरा वर्षांची कन्या सून म्हणून ठरविली. पुत्रानें परोपरीनें विनविलें, अवधि मागितला, विधवेशीं विवाह करणार नाहीं असें वचनहि देऊं केलें. परंतु वडील बधले नाहींत. विवाह न केल्यास आपण घर सोडून करवीरास जाऊं व संबंध तोडूं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. एकीकडे तत्त्वनिष्ठा, दुसरीकडे पितृभक्ति! शेवटीं रानड्यांनीं मान लवविली आणि डिसेंबरांत विवाह झाला. लोकांनीं उपहास केला, स्नेही कष्टी झाले.

हा निर्णय योग्य होता काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पुढारीच माघारा फिरल्यानें चळवळीची हानि झाली. आणि ज्या बालिकेचें आयुष्य पणास लागलें तिला तर कोणीं विचारिलेंहि नाहीं. हा दोष झांकून ठेवणें हें चरित्रलेखकास शोभत नाहीं. पुढें १८९० सालीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें चहापानाचें प्रकरण उद्भवलें, तेव्हांहि रानड्यांनीं अखेरीस १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें. आप्तेष्टांचें मन मोडणें त्यांस फार जड जाई.

परंतु आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें या निर्णयानंतरचें त्यांचें वर्तन. मन दुभंगलें असतां मनुष्य सहसा दोहोंपैकीं एक वाट धरतो. घडलें तेंच बरोबर होतें, असें तो स्वतःस पटवूं लागतो. किंवा एक वचन मोडलेंच, आतां बाकीचीं कशास पाळावीं, म्हणून सर्वच सोडून देतो. रानड्यांनीं दोन्ही वाटा टाळल्या. विधवाविवाहाविषयींचें मत त्यांनीं बदललें नाहीं. १८८७ पासून सामाजिक परिषदेच्या द्वारें तें कार्य ते मरेपर्यंत करीत राहिले. आणि ज्या मुलीशीं मनाविरुद्ध विवाह झाला, त्या रमाबाईंस त्यांनीं लगेच अक्षरें शिकविण्यास आरंभ केला. घरांतील बायकांचा विरोध असतांहि मराठीपाठोपाठ इंग्रजीचेंहि शिक्षण चालूं ठेविलें.

नवापूरच्या किनाऱ्यावरील एखाद्या मुलापुढेंहि असेंच कोडें उभें राहतें. वडील थकले आहेत, त्यांच्या होडीवर हात द्यावा, कीं शिक्षणासाठीं मुंबईची गाडी धरावी? दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, म्हणूनच निवड कठीण. अशा वेळीं पूर्ण समाधान देणारी वाट बहुधा नसतेच. कोणाचें काय नुकसान होणार हें आधीं नीट पाहावें, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारावें, आणि निर्णय झाल्यावर जें मागें राहिलें त्याचें ऋण विसरूं नये. यांतील मधली गोष्ट रानड्यांच्या प्रसंगीं राहून गेली. शेवटची मात्र त्यांनीं जन्मभर पाळली.

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे निवर्तले. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि शेंकडों स्त्रियांस, त्यांत कित्येक विधवांस, तेथें विद्या व स्वावलंबन लाभलें. त्या संस्थेची धुरा ज्यांनीं १९२४ पर्यंत, म्हणजे आपल्या अंतापर्यंत, वाहिली, त्या रमाबाई म्हणजेच देवराष्ट्र्याची ती अकरा वर्षांची मुलगी होय.